वर्षाला किती किलोमीटर?

"वर्षाला किती किलोमीटर?" प्योकाकांनी विचारलं.

"वीस हजार तर नक्की," गूदादा म्हणाला.

"बंदर ते तुमचं घर चार किलोमीटर. त्याचे वीस हजार कसे होतात, ते सांगा."

गूदादा खेकड्यांचा व्यापारी. त्याला नवी गाडी घ्यायची होती आणि ती डिझेलचीच हवी होती, कारण मेव्हण्याकडे डिझेलची होती. बायकोला पेट्रोलची हवी होती, कारण नवऱ्याला डिझेलची हवी होती. असा तंटा झाला की आमच्या उल्जिनची माणसं शोरूममध्ये जाण्याआधी आमच्या पंपावर येत आणि प्योकाकांना पंच नेमत. काका तिथे एकोणीस वर्षं गाड्यांत तेल भरत होते. मी काचेच्या खोलीत बसून पैसे घेते. त्यामुळे असे तमाशे मला फुकटात बघायला मिळतात.

"हे बघा," काका पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागले. "डिझेलची गाडी घेतानाच तीस लाख वॉन जास्त मोजायचे. सर्व्हिसिंगही महाग. पण लिटरमागे दोनशे वॉन वाचतात आणि लिटरला पळतेही जास्त. म्हणजे तीस लाख वसूल व्हायला गाडी पळायला हवी. वर्षाला तेरा हजारांच्या वर पळत असेल तर डिझेल घ्या, नाहीतर पेट्रोल. आता बोला. बंदराचे झाले तीन हजार. आणखी?"

"आणखी, पोहांगला जातो की मी. पंधरवड्यातून दोनदा."

"दोनदा?" बायको खिडकीतून बाहेर वाकली. "मला तर एकदाच माहीत आहे."

गूदादा पंपावरचे आकडे वाचू लागला. काकांनी पेन खिशात ठेवलं. "पेट्रोल घ्या," ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे वळले. मी आत पोट धरून हसले. गूदादाच्या घरी त्या रात्री काय झालं ते मला कळलं नाही, पण गाडी आली ती पेट्रोलचीच.

काकांना लोकांच्या भानगडींत रस नव्हता, हे मात्र खरं. पण वर्षाचे किलोमीटर मांडायचे म्हणजे माणूस कुठे कुठे जातो आणि कुठे जात नाही, ते मांडावं लागतं. त्यामुळे गावातल्या प्रत्येकाचं येणं-जाणं त्यांना ठाऊक होतं. कुणाची मुलगी सासरी खूश नाही, कुणाचं भावाशी वाकडं आहे, सगळं त्यांना किलोमीटरमध्ये कळायचं. ते कुणाला बोलून दाखवत नसत. मी असते तर सकाळी ऐकलेलं दुपारपर्यंत बाजारात पोचवलं असतं.

त्यांची बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. आम्ही तिला जेउकची आई म्हणायचो. माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी विधी असतो, तिच्या त्या विधीला देवळात मीही होते. विधी आटोपल्यावर जेउक बुटांच्या नाड्या बांधता बांधता बापाला म्हणाला होता, "बाबा, महिन्यातून एकदा मी येणार. काहीही झालं तरी." खाली वाकूनच म्हणाला, कारण रडत होता. पोरगा वाईट नाही. सुवॉनला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे, बायकोही नोकरी करते, मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. पहिले तीन महिने तो खरंच आला. चौथ्या महिन्यात फोनवर तोंड दाखवलं. मग तेही कधी दाखवायचा, कधी नाही.

काकांनी मालकाकडून दर महिन्याचा दुसरा रविवार मागून घेतला होता. त्या दिवशी ते घरी बसत आणि सोमवारी येऊन मला सांगत, "बस फार त्रासाची आहे हो. दोनदा बदलायची, पाच तास. लहान मूल घेऊन कोण येईल?" मी मान हलवायची. मला काय, नवरा गेल्यापासून माझ्याकडेही कुणी येत नाही, पण मी वाटही बघत नाही. वाट बघणाऱ्याकडे बघवत नाही मला.

मग उन्हाळ्यात एके दुपारी जेउकचा फोन आला. आम्ही दोघं काचेच्या खोलीत जेवत होतो. काकांच्या हातांत डबा आणि चमचा होता म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"बाबा, गाडी घेतोय."

काकांच्या हातातला चमचा डब्यात पडला. "घे की! घे, घे. कुठली?"

"गाडी ठरलीय. डिझेलची की पेट्रोलची, ते ठरत नाहीये. म्हटलं, घरात तज्ज्ञ असताना बाहेर कशाला विचारा?"

काका असे खुलले की मलाच लाजल्यासारखं झालं. त्यांनी हात पुसले, पावतीचा कागद ओढला आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसे जेउकशी बोलू लागले. "ऑफिस किती लांब?"

"एका बाजूने नऊ."

"म्हणजे वर्षाचे चार हजार तीनशे. सुट्टीचा बाजारहाट, मुलीचा दवाखाना, सुनेचं माहेर?"

"माहेर जवळच आहे. सगळं मिळून तीनेक हजार धरा."

"धरले. बाकीचं मला माहीत आहे," काका म्हणाले.

"बाकीचं म्हणजे?" तिकडून कुणीतरी जेउकला हाक मारली. "बरं बाबा, मीटिंग आहे. तुम्ही लिहून पाठवा, मी बघतो."

फोन बंद झाला. काका लिहीत होते, मी उलट्या बाजूने वाचत होते. सुवॉन ते उल्जिन, जाऊन-येऊन पाचशे साठ. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं, गुणिले बारा. खाली बेरीज मारली, चौदा हजार. आणि ठसठशीत अक्षरात, डिझेल.

"बारा?" मी विचारलं.

"महिन्याला एक."

"काका, त्याला विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? तोच तर म्हणाला होता. गाडी नव्हती म्हणून अडत होतं सगळं. आता गाडी येतेय."

मी गप्प बसले. बसायला नको होतं. पण त्या माणसाच्या तोंडावर दीड वर्षांनी जरा रंग आला होता, आणि तो पुसायला माझी जीभ रेटली नाही. काकांनी कागदाचा फोटो काढून पाठवला. रात्री उत्तर आलं, 'थँक्यू बाबा, बघतो.' ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दोनदा दाखवलं.

त्यानंतर पंपावर येणाऱ्या प्रत्येकाला बातमी मिळू लागली. मुलगा डिझेल घेतोय. काकांनी अंगणातला जेउकच्या आईचा बरण्यांचा ओटा फोडला आणि तिच्या सोया सॉसच्या आणि मिरचीच्या मोठ्या मातीच्या बरण्या एकट्याने ढकलत घरामागे नेल्या, कारण गाडीला जागा हवी. चार दिवस कंबर धरून फिरत होते. मी म्हटलं, "अहो, रस्त्यावर लावेल की गाडी." तर म्हणाले, "दर महिन्याला रस्त्यावर? समुद्राचं खारं वारं आहे इथलं. पत्रा खाऊन टाकेल."

ऑगस्टमध्ये गाडी आली असं कळलं. ऑगस्टचा दुसरा रविवार कोरडा गेला. नवी गाडी, हात बसायला हवा, काका म्हणाले. मग सप्टेंबरात चुसकचा, सुगीचा सण आला. जेउक सणाच्या आदल्या दिवशी निघणार होता आणि थेट पंपावर येणार होता. "टाकी तुमच्याकडेच भरतो," असं त्यानेच कळवलं होतं.

त्या दिवशी आमच्याकडे तोबा गर्दी. सगळा देश गावाकडे निघालेला. काकांनी गणवेशाचा शर्ट इस्त्री करून घातला होता. दुपारी तीनच्या सुमाराला पांढरी गाडी वळली, तेव्हा ते दोन नंबरवर एका म्हाताऱ्याच्या टेम्पोत डिझेल भरत होते. तो टेम्पो कसाबसा वाटेला लावून ते अक्षरशः धावले. मागच्या काचेतून नात दोन्ही हात आपटून "आजोबा! आजोबा!" ओरडत होती. सून खाली उतरून नमस्काराला वाकली. जेउकने आतून टाकीचं झाकण उघडलं.

आता आमच्या पंपाचा एक नियम सांगते. गाडी थांबली की आधी विचारायचं, पेट्रोल की डिझेल. गिऱ्हाइकाने सांगितलेलं पुन्हा मोठ्याने म्हणायचं. मगच नळीला हात लावायचा. कारण चुकीचं तेल गेलं तर इंजिन कामातून जातं. हा नियम काकांनीच केलेला. ते तर इंजिनाच्या आवाजावरून वीस पावलांवरून ओळखत, गाडी काय पिते ते. शिवाय झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतंच. एकोणीस वर्षांत त्यांचा हात एकदाही चुकला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, ऐकलं नाही, वाचलंही नाही. नातीकडे बघत हसत हसत हिरवी नळी उचलली, डिझेलची, आणि नोझल टाकीच्या तोंडाला लावलं.

ते आत जाईना. डिझेलचं नोझल जाड असतं, पेट्रोलच्या गाडीच्या तोंडात ते बसतच नाही. काकांनी जरा फिरवून पुन्हा दाबलं. मी काचेतून बघत होते. माझ्यासमोर एक माणूस कार्ड पुढे करून उभा होता, ते मला घेववेना. काकांनी तिसऱ्यांदा दाबलं. इतकी वर्षं ज्याने हेच काम केलं, त्याला पहिल्या खेपेलाच कळलं असणार. तरी तिसऱ्यांदा दाबलं.

मी गल्ला तसाच टाकून बाहेर गेले.

"बाबा," जेउक खाली उतरत म्हणाला, "पेट्रोल आहे ही."

"हो का? हो, हो." काकांनी हिरवी नळी जागेवर ठेवली. नीट बसली नाही, पुन्हा ठेवली. "लक्षच नाही माझं. गर्दी बघ किती आहे."

"तुमच्याच कागदावरून केला सगळा हिशेब. म्हणजे, तुम्ही लिहिलं होतं तसंच. फक्त ते एका ठिकाणी बारा होतं ना..." सून गाडीच्या पलीकडे जाऊन मुलीच्या सीटचा पट्टा उगाच घट्ट करू लागली.

"किती धरलेस?" काकांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता. गिऱ्हाइकाला विचारतात तसा.

"दोन. सणांचे. आणि शिवाय जमेल तेव्हा येऊच आम्ही."

"'जमेल तेव्हा' हिशेबात धरता येत नाही बाळा," काका म्हणाले. रागाने नाही. त्यांनी पेट्रोलची पिवळी नळी उचलली आणि मनातल्या मनात बेरीज केली, मला त्यांचे ओठ हलताना दिसले. "दोन धरले तर साडेआठ हजारही होत नाहीत. मग पेट्रोलच. बरोबर घेतलीस."

"रागावलात का?"

"छे रे. दुसरं कोणी आलं असतं तर मी त्याला हेच सांगितलं असतं."

टाकी भरली. काकांनी पुढची काच पुसली, मग मागची. गिऱ्हाइकाला देतो तसे टिश्यूचे दोन पुडे आणि पाण्याची बाटली खिडकीतून नातीच्या हातात दिली. तिने दोन्ही हातांनी घेऊन मान लववली, आईने शिकवलं होतं तशी. मग घराची किल्ली जेउकला देऊन म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. अंगणातच लावा गाडी, जागा केलीय." जेउक बापाच्या हाताला हात लावायला गेला, पण मागून हॉर्न वाजले आणि त्याला गाडी काढावी लागली.

मला त्या पोराचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. उलट इतकं खरं सांगणारा माणूस विरळाच. मला राग आला तो माझाच. त्या दुपारी डबा खाताना मी तोंड उघडलं असतं तर हे काकांना घरी, चार भिंतींत कळलं असतं, असं सगळ्या गावासमोर नाही.

"काका, तुम्ही जा घरी," मी म्हटलं. "मी बाहेरचं बघते. मालकांना सांगते मी."

"सहापर्यंत पाळी आहे माझी."

"अहो, मुलगा आलाय. एक रात्र तर असणार तो. जा ना."

"म्हणून तर," काका म्हणाले. "जरा वेळाने जातो. आत्ता गेलो तर तोंड कसं करू ते कळत नाहीये."

एवढं त्यांनी स्वतःविषयी मला पहिल्यांदाच सांगितलं. मी त्यांचा टोपीखाली आलेला घाम बघत उभी राहिले. तेवढ्यात चार नंबरवर मा नावाच्या ड्रायव्हरचा ट्रक येऊन उभा राहिला. मा मासळी घेऊन डेगूला जातो, दिवसाआड आमच्याकडेच भरतो, आणि काका त्याला कधी काही विचारत नाहीत. तो हातसुद्धा करत नाही, नुसता येऊन थांबतो.

काका ट्रकजवळ गेले. टोपी सरळ केली. आणि खिडकीकडे मान वर करून मोठ्याने विचारलं, "पेट्रोल की डिझेल?"

ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं. "काय काका, सणाची आधीच घेतली का? ट्रक आहे हा! पेट्रोलवर कधीपासून चालायला लागला?"

काका हसले नाहीत. नळीला हात न लावता उत्तराची वाट बघत तसेच उभे राहिले.

"डिझेल," मा शेवटी म्हणाला.

"डिझेल," काकांनी मोठ्याने म्हटलं. "विचारलेलं बरं असतं."