थोडं, बरंच, खूप

श्यामसुंदर गुप्ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. मुलुंड ते घाटकोपर पट्ट्यातले वाणी त्यांना लांबून पाहिलं की आधी तराजूवरची धूळ पुसत आणि मग कपाळावरचा घाम. "काटा एकदम बरोबर आहे साहेब," असं कुणी आपणहून म्हणालं की गुप्ते पहिल्यांदा तोच काटा तपासायला घेत. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणं त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. या नियमाला एकच अपवाद होता, तो म्हणजे त्यांचं स्वतःचं घर.

घरी त्यांची बायको माणिक आजारी होती. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन काढला होता आणि आता कॅन्सर हाडांत उतरला होता. ही गोष्ट श्यामसुंदररावांना ठाऊक होती, डॉक्टरांना ठाऊक होती, बोरिवलीला दिलेल्या मुलीला ठाऊक होती आणि समोरच्या दारातल्या जयंतीवहिनींनाही. माणिकला तेवढी ठाऊक होऊ द्यायची नव्हती. तिच्यापुरती आधी ती 'गाठ' होती आणि यंदा तिचा 'वात' झाला होता. हॉस्पिटलात मशीनखाली किरणांचे 'लाईट' घेतले तेही वातावर. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं त्या हॉस्पिटलचं नाव घरात कुणी घेत नसे. 'तिकडे' म्हणायचं. हल्ली माणिकला तीन जिने चढउतार झेपत नसे, म्हणून तिकडे श्यामसुंदरराव एकटेच जात. डॉक्टर विचारत, "दुखणं कसं आहे?" आणि हे ठामपणे सांगत, "दुखत नाही. मी रोज विचारतो."

ते खरोखरच रोज विचारत. सकाळी कचेरीला निघताना, हातात डबा, एक पाय चपलेत. "बरं आहे ना गं?"

"बरं आहे."

झालं. मग दुसरा पाय चपलेत जाई.

अशा घरात डॉक्टरांनी एका मुलीला प्रश्न विचारायला पाठवायचं ठरवलं, तेव्हा श्यामसुंदररावांनी आधी साफ नकार दिला. डॉक्टर म्हणाले, "अहो, आम्ही तुमच्या मिसेसना तपासत नाही आहोत, प्रश्नावलीला तपासतोय. विलायतेत केलेली आहे. आपल्या बायकांना मराठीत विचारली तर तिच्यातून काही खरं कळतं का, एवढंच पाहायचंय."

"म्हणजे माप तपासायचं, माल नाही."

"अगदी बरोबर."

ही भाषा त्यांच्या खात्याची होती. त्यांनी होकार दिला आणि त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

मुलीचं नाव अनुपमा. नाहूरची, समाजकार्याची पदवी घेतलेली. वडील गिरणीत होते आणि संपानंतर घरी होते, त्यामुळे ही नोकरी तिच्या दृष्टीने फार मोठी होती. श्यामसुंदररावांनी तिला घरात घेण्याआधी जिन्यातच अडवलं, आपला हुद्दा सांगितला आणि कागद तपासायला मागितले.

"ह्यात तो शब्द नाही ना?"

"कुठला, काका?"

त्यांनी जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं. "तोच."

"नाही हो. सगळीकडे 'तुमचा आजार' असंच आहे. सुरुवातीला होता, तेव्हा लोक आम्हाला दारातूनच परत पाठवायचे. सरांनी काढूनच टाकला."

"शहाणे आहेत. आणि हे काय? 'पुढे काय होईल याची काळजी वाटते का?' हा गाळ."

"गाळता येत नाही. एक गाळला की अख्खा कागद बाद."

"मग असं विचार, मुलीच्या सासरची काळजी वाटते का."

"काका, वाण्याने वजन खालून जरासं कोरलं तर तुम्हाला चालतं का?"

आपण हिला हुद्दा सांगायला नको होता, असं श्यामसुंदररावांना फार उशिरा वाटलं.

घर एका खोलीचं आणि स्वयंपाकघराचं, मध्ये दाराच्या जागी फुलाफुलांचा पडदा. बाहेरच्या खोलीत खाटेवर माणिक, शेजारी स्टुलावर अनुपमा. श्यामसुंदररावांना आत पिटाळण्यात आलं, कारण कागद दोन होते. एक माणिकने सांगायचा आणि दुसरा त्यांनी भरायचा, तोही माणिकबद्दलच.

"मी कशाला?"

"काहींना बोलवत नाही इतकं दुखतं. त्यांच्या ऐवजी घरच्यांना विचारलं तर चालेल का, तेही तपासायचंय."

"चालेल की! न चालायला काय झालं? नेहमी मीच तर सांगतो."

आत ओट्याशी जयंतीवहिनी होत्या. त्यांनी कढी आणून गॅसवर ठेवली होती आणि आता ती उतू जाऊ नये म्हणून थांबल्या होत्या. निदान तसं त्या म्हणाल्या. "काय भावोजी, या वयात परीक्षा? कॉपी करू नका हं. पलीकडचं सगळं ऐकू येतं."

श्यामसुंदररावांनी पेन्सिल उचलली. एकेका प्रश्नासमोर चार चौकटी होत्या: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. दुखणं? अजिबात नाही. झोपेचा त्रास? अजिबात नाही. घरकामात अडचण? जरा विचार करून त्यांनी 'थोडं'वर खूण केली. सगळंच छान लिहिलं तर तपासणाऱ्याला संशय येतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. आजाराची चिंता? इथे चौकट न भरता त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'लागू नाही. पेशंटला कल्पना नाही.'

पडद्यापलीकडून अनुपमाचा आवाज आला. "काकू, गेल्या आठवड्यात दुखलं का? अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. यातलं एक सांगायचं."

"आत ऐकू येईल का गं?"

"काका त्यांचा कागद भरतायत."

"मग हरकत नाही. कागद भरताना ह्यांच्या कानाशी ढोल वाजवलास तरी कळायचं नाही." माणिक थांबली. "खूप."

श्यामसुंदररावांची पेन्सिल जागच्या जागी राहिली. पहिला विचार त्यांच्या पेशाला शोभेल असाच आला: मापात दोष आहे. चौकटींचा क्रम तिने उलटा धरला असणार. 'अजिबात नाही' म्हणायचं होतं आणि शेवटचं राहिलं लक्षात. विलायतेतलं माप, आणखी काय होणार!

"घरकामात अडचण येते?"

"खूप. पोळ्या जयंतीच लाटते ना. ह्यांच्या येण्याच्या वेळेला मी ओट्याला टेकून उभी राहते आणि शेवटची एक शेकते. हातात उलथनं दिसलं की झालं."

श्यामसुंदररावांनी मान वळवली. जयंतीवहिनी कढी ढवळत होत्या, तिला ढवळायची काही गरज नव्हती तरी.

"पोळ्या तुमच्या?" ते कुजबुजले.

"परवा तुम्हीच म्हणालात की, माणिकच्या हातच्या पोळीची सर कुणाला नाही." वहिनींनी वर पाहिलं नाही. "मला बरं वाटलं ऐकून."

बाहेर झोपेबद्दल विचारून झालं. भिंतीला टेकून बसते, असं उत्तर होतं. आडवं झालं की कण्हणं तोंडातून निसटतं, आणि ह्यांची झोप सावध. मग अनुपमाने पुढचा प्रश्न वाचला.

"तुमच्या आजाराबद्दल घरात मोकळेपणानं बोलता येतं का?"

"कुठला आजार?"

अनुपमाने कागदावरचंच पुन्हा वाचलं. जिन्यात दिलेला शब्द ती पाळत होती. "तुमचा आजार, काकू."

"कॅन्सर म्हण गं, लाजतेस काय! लाईट घ्यायला बाकावर बसायचो तिथे सगळ्या बायका तेच बोलत होत्या. वातावर कधी लाईट देतात का? पण ह्यांना सांगू नकोस हो. फार मेहनत घेतलीय त्यांनी."

स्वयंपाकघरात श्यामसुंदररावांना एकदम ओट्याचा आधार घ्यावासा वाटला आणि त्यांनी हात नेमका गरम पातेल्यावर ठेवला. हात भाजला हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं. ते जयंतीवहिनींकडे बघत होते. वहिनींच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. साधं कुतूहलही नव्हतं.

"वहिनी, तुम्हाला..."

"तुम्ही शपथ घातलीत तिला कळू द्यायचं नाही म्हणून. तिने घातली, तिला कळलंय हे तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून. मी कुणाची मोडू, तुम्हीच सांगा?" वहिनींनी गॅस बंद केला. "लाईट घेतल्यापासून नुसती तारेवरची कसरत चालली आहे माझी."

"शेवटचा प्रश्न, काकू. गेल्या आठवड्यात सगळ्यांत जास्त त्रास कशाचा झाला? दुखणं, मळमळ, थकवा..."

"यात नाही तो."

"मग सांगा, मी लिहून घेते."

"बरं आहे म्हणण्याचा," माणिक म्हणाली. "रोज सकाळी. तेवढं एक फार जड जातं बघ. एक पाय चपलेत घालून विचारतात. खरं सांगितलं तर दुसरा कुठे ठेवतील बिचारे?"

अनुपमा कागद गोळा करायला आत आली तेव्हा श्यामसुंदरराव खोडरबर शोधत होते.

"झालं, काका?"

"चुकलाय. मला परत भरायचाय."

"नाही नाही, आहे तस्साच द्या. चुकलेलाच हवाय. दोन्हींतला फरकच तर मोजायचाय." तिने त्यांच्या हातातून कागद अलगद सोडवून घेतला, माणिकच्या कागदाशेजारी धरला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "बाई गं! एवढा अजून कुठल्याच घरात निघाला नव्हता. सर खूश होतील." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"दुखण्यावर औषध असतं का?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"असतं ना! चांगलं असतं. काकूंना अजून कसं दिलं नाही, याचंच मला..." तिचं लक्ष त्यांच्या कागदावरच्या पहिल्या खुणेकडे गेलं आणि वाक्य तिथेच संपलं.

"मी सांगत होतो, दुखत नाही म्हणून. दर खेपेला."

यावर काय बोलावं हे समाजकार्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मग अनुपमाने तिला पाठ असलेलं बोलून टाकलं. "मी आठवड्यानं परत येईन, काका. तेच प्रश्न. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर प्रश्नावली भरवशाची. म्हणून तोवर औषधपाण्यात काही बदल करू नका."

"बदल होणार."

"मग हे दोन्ही कागद बाद होतील."

"होऊ देत," श्यामसुंदरराव म्हणाले. एवढ्या नोकरीत एकही तपासणी त्यांनी अर्धवट सोडली नव्हती. "डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात?"

"आज चारपर्यंत."

पडदा सारून ते बाहेर आले. माणिकने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तो पडदा तिनेच शिवला होता, त्यातून काय काय आरपार जातं हे तिला माहीत असायला हवं होतं.

"ऐकलंत वाटतं."

त्यांनी मान हलवली. दोन वर्षं या खोलीत जे काही बोलले होते त्यातलं एकही वाक्य आता कामाचं उरलं नव्हतं. "तिकडे जाऊन येतो," ते म्हणाले. मग थांबून त्यांनी हॉस्पिटलचं नाव घेतलं. पूर्ण घेतलं.

ते दारापर्यंत पोहोचले तेव्हा माणिक मागून म्हणाली, "अहो, थोडं म्हणू नका हं. तुमची सवय आहे. खूप म्हणा."

"खूप," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले. अनुपमा त्यांच्या मागोमाग उतरत होती. पहिल्या मजल्यावर ते मध्येच उभे राहिले. डॉक्टर दुखणं किती ते विचारतील, आणि मग दुसरा प्रश्न विचारतील. कुठलाही डॉक्टर विचारतोच. कठड्याला धरून त्यांनी उत्तर शोधलं. पाठ? मांडी? खांदा? काही सापडेना.

"काका, काय झालं?"

ते वळले आणि पुन्हा वर चढले. दार उघडंच होतं. जयंतीवहिनी माणिकच्या पाठीला उशी लावत होत्या. कुठे लावायची हे वहिनींना विचारावं लागत नव्हतं.

"माणिक," दारातच उभे राहून त्यांनी विचारलं, "कुठे दुखतं?"

माणिक भिंतीकडे सरकली, सरकताना कण्हली, आणि या वेळी तिने ते कण्हणं दाबलं नाही. खाटेवर जागा झाली.

"बसा," ती म्हणाली. "वेळ लागेल."