काट्याबरोबर आत शिरलेला मी

मित्रांनो, मी एक जुना जनुक आहे, धनुर्वाताच्या जिवाणूतला. माझ्या अंगात विष नाही. विष कसं बनवायचं ते माझ्यावर लिहिलेलं आहे, एवढंच. माझा जिवाणू गुरांच्या पोटातून शेणात आला, शेणातून तळेघर गावच्या मातीत. तिथे कठीण कवच करून तो झोपला. मला झोप कुठली! अंगावर लिहिलेलं कुणी वाचत नाही, ही तळमळ फार वाईट.

१९९६ च्या उन्हाळ्यात लंकाबाई भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा पेरणीआधी भाजून घेण्यासाठी, शेण आणि पालापाचोळा पसरत होती. अनवाणीच. टाचेत करवंदीचा काटा शिरला आणि त्याच्यासोबत आम्ही.

काटा निघाला. तिच्या सासूने, धोंडाबाईने, जखमेवर ओलं शेण लिंपलं. "गाईचं हाय. ठणका वढून घेतंय."

वर शेण वाळलं, आत हवा शिरेना. हवा नसली की माझा जिवाणू जागा होतो. तिसऱ्या दिवशी कवच फुटलं. माझं वाचन सुरू झालं! माझं विष नसांतून मणक्यापर्यंत चढतं आणि स्नायूंना जाणारा 'आता सैल हो' हा निरोपच अडवतं. मग जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी ताठते, श्वास कोंडतो.

तेवढ्यात नर्स रत्नाताई आल्या. एसटी चुकली म्हणून चालत.

"आजी, शेण राबाला लावायचं का पायाला? साबण आणा. टीटीची सुई पण देते."

"काट्याला सुई? लोक हसतील की, बाय!"

"काट्यानंच काटा काढतो ना आपण? ह्या सुईत धनुर्वाताचंच विष हाय, दात पाडलेलं. लंकाबाई, बाळंतपणात घेतली व्हती का?"

"दोन घेतल्या. दंड लई दुखला व्हता."

"मग तुझ्या अंगाला वळख हाय. परत आठवण करून देऊ."

खपली निघाली. साबण आला, हवा आली, जागे झालेले जिवाणू मेले. दंडात सुईही टोचली गेली. मी धाडलेलं थोडं विष तिच्या रक्ताने ओळखलं आणि वाटेतच धरलं. न उघडलेल्या कवचांत माझ्या नकला होत्या. त्या धुण्याच्या पाण्याबरोबर वाहत पुन्हा राबाच्या मातीत गेल्या. त्यांच्यातलाच मी बोलतोय.

मित्रांनो, सगळी माती धुऊन मला संपवता येणार नाही. जखम मात्र धुता येते. ती धुवा, टीटी चुकवू नका. हे सांगतानाही माझी चुळबुळ थांबत नाही.

आठ दिवसांनी लंकाबाई राब भाजायला आली. पावलं जवळ आली, तसा मी सावध झालो.

तिच्या पायांत चपला होत्या.