नालुमान्सी आत्याने जावई ओळखला

मी लव्हाळ्यातली बेडकी बोलतेय. अंगठ्याच्या नखावर मावेन एवढीच. रंग हिरवा, मांड्या नारिंगी. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल. हरकत नाही, नालुबाले सरोवराकाठच्या आमच्या युगांडातही मला ओळखणारे थोडेच.

अंड्यातून पाण्यात आले, शेपूट झडली, आणि दोन पुरुष उंचीच्या लव्हाळ्यावर चढले ती तिथलीच झाले. आमच्यात नवरे घसा फोडून ओरडतात. आम्ही मुली निवांत ऐकतो आणि एक पसंत करतो. माणसांचं सगळंच उलटं! तिथे नवरामुलगा मांडवात तोंड उघडत नाही, जागचा हलतही नाही. मुलीच्या आत्याने त्याला पाहुण्यांतून हुडकून कोटाला फूल लावायचं.

मला हे कसं ठाऊक? नाकिबुले नावाच्या मुलीच्या मागणीचा मांडव सजवायला सकाळी लव्हाळे कापले, आणि भाऱ्यात झोपलेली मी आपसूक लग्नघरी पोहोचले.

माझा झुपका बांधला होता त्या खांबामागेच तिच्या दोन्ही आत्या कुजबुजत होत्या.

"ताई, दिसतंय ना नीट?" धाकटी नाम्पीमा म्हणाली. "नाहीतर फूल लावशील भलत्यालाच!"

"तुझं तोंड दिसतंय, तेवढं पुरे," थोरली नालुमान्सी फणकारली.

"चेष्टा नाही गं. सगळा गाव हसेल, पोरीला मान वर करता येणार नाही. आण ते फूल, मी लावते."

"भाचीला वाढवलं मी. फूलही मीच लावणार!"

पण नाम्पीमाची पाठ वळताच थोरलीने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं.

पाहुणे येऊन रांगेत बसले. वीस पुरुष, सगळ्यांचे पायघोळ पांढरे अंगरखे, वर काळे कोट. थोरल्या आत्याच्या अधू डोळ्यांना नुसता काळा-पांढरा पडदा दिसत असणार. ती रांगेपुढून एकदा गेली, दोनदा गेली. बायका खुसखुसू लागल्या.

इकडे उन्हाने माझा जीव कासावीस झाला होता. ओल कुठे दिसते का पाहते, तर खाली एक मान घामाने निथळत होती. मारली उडी!

"अगं आई गं! काय आहे ते?" शेजारचे दोघे किंचाळून पळाले, त्यांच्या मागोमाग अख्खी रांग. घामाघूम पोरगा मात्र खुंटासारखा बसून राहिला. मी त्याच्या नाकावर चढले तरी हूं नाही की चूं नाही.

आत्या सरळ त्याच्यापुढे आली. "एवढं होऊनही जो गप्प बसला, तोच आमचा जावई!" म्हणत तिने चाचपून फूल लावलं. बायकांनी आनंदाने असा काही गजर केला की मांडव दणाणला. नाकिबुले हसता हसता रडली. नाम्पीमासुद्धा टाळ्या पिटत होती.

संध्याकाळी आत्याने मला केळीच्या पानात गुंडाळून स्वतः दलदलीत आणलं.

"अजून तीन भाच्या उजवायच्या आहेत बरं का," ती हळूच म्हणाली. "खाऊनपिऊन धडधाकट राहा."

मी मजेत आहे. दुसरीचं ठरलंय, असं कालच कानावर आलं. लव्हाळे कापणाऱ्यांनो, एकच विनंती आहे: या कडेने कापा, आणि भारा जरा सैल बांधा. मला यायचंय.