पाणी किती हातांवर

मी आलेख आहे, नंदाखाल गावच्या विहिरींचा. दोन अक्ष, दोन रेघा, त्यांच्याभोवती थोडे ठिपके आणि तळाला महिन्यांचे आकडे, एवढाच माझा संसार. पण या संसाराने गावाची एक बैठक हसवली आणि दुसरी गप्प केली, म्हणून माझं बोलणं जरा बसून ऐका. लाजायची मला सवय नाही. जिने मला घडवलं तिलाही नाही.

तिचं नाव मथुरा. वय सत्तरीच्या पुढचं, शाळा सातवीपर्यंतची, आणि केळीची बाग सासऱ्यांच्या काळापासूनची. नवरा गेल्यावर मुलगा प्रणव म्हणाला, "आई, बाग विकू या. तू चंदनसारला माझ्या फ्लॅटमध्ये ये." तिने विचारलं, "तुझ्या गॅलरीत केळी किती लागतात?" तो विषय तिथेच मिटला.

माझ्या जन्माला कारण झालं बावखल. आमच्याकडे बागांच्या मधे पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं असतं, त्याला बावखल म्हणतात. ते भरलेलं असलं की आजूबाजूच्या विहिरींना, म्हणजे आमच्या बोलीत बावींना, भर उन्हाळ्यातही पाणी राहतं. तर गावच्या हॉलच्या समितीने मनात घेतलं, की हॉलशेजारचं बावखल मातीने बुजवायचं आणि तिथे लग्नाच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं. समितीचा पुढारी कल्पेश. तोही मोगऱ्याचा बागायतदारच, पण पुढारीपण आलं की माणूस बागेत कमी आणि हॉलमध्ये जास्त दिसतो.

मथुराबाई समितीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बावखल गेलं तर बावी जातील, आणि बावींमागून बागा."

कल्पेश हसून म्हणाला, "काकू, तोंडी बोलून आता भागत नाही. डेटा आणा, डेटा. उन्हाळ्यापर्यंत थांबतो आम्ही."

तिला राग आला. आणि या बाईला राग आला, की ती काहीतरी शिकून मोकळी होते.

दिवाळीपासून दर महिन्याला ती बावखलाजवळच्या काही बावींत आणि लांबच्या काही बावींत दोर सोडू लागली. दोर एकच, त्याला हाताहातावर गाठी मारलेल्या, आणि तो हातही तिचाच. प्रणवने टाकून दिलेला लॅपटॉप माळ्यावर होता, तो खाली आला. मोबाईलवर हिंदीतले धडे बघत, थांबवत, पुन्हा मागे नेत ती पायथन नावाची संगणकाची भाषा शिकली. शिकवणारा पोरगा भरभर बोलायचा, तर ही त्याला दटावायची, "जरा दम घे रे."

माझा पहिला जन्म कोरा झाला. पडद्यावर मी दिसत होतो, पण साठवलेली फाईल उघडावी तर पांढरी फटफटीत. तिने आधी मला दाखवायला सांगितलं होतं आणि मग साठवायला. पायथनमध्ये आलेख काढायचं जे अवजार असतं, मॅटप्लॉटलिब, त्याची रीत अशी, की दाखवून खिडकी बंद झाली की पाटी पुसली जाते, आणि मग साठवायला उरते ती कोरी पाटी.

प्रणव फोनवर म्हणाला, "आई, आकडे पाठव. मी एक्सेलमध्ये पाच मिनिटांत काढून देतो."

"नको. उद्या कल्पेश म्हणेल, पोराने करून दिलं."

तिने दोन ओळींची अदलाबदल केली आणि मी कागदावर टिकलो.

मग अक्षरांचा घोळ. माझ्या नावाच्या जागी नुसते चौकोन, जणू कोणी रिकाम्या खिडक्या ओळीने मांडल्या होत्या. माझ्याकडे मराठी फॉन्टच नव्हता. तिने तो शोधून दिला, तर वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या आणि जोडाक्षरं सुटी झाली. यावरही उपाय असतील, पण तिने आपला काढला. माझ्या अंगावर जोडाक्षर आणि ऱ्हस्व वेलांटी येऊच द्यायची नाही. एका रेघेला नाव दिलं 'बावखलाजवळ', दुसरीला 'लांब'. कडेला 'पाणी, हात'. महिन्यांना नुसते आकडे. कमी शब्दांत निभवायचं मी असा शिकलो, आणि खरं सांगतो, मला ते शोभूनही दिसतं.

आगाशीच्या झेरॉक्सवाल्याकडे आणखी एक फजिती झाली. माझी लाल रेघ आणि हिरवी रेघ, दोन्ही काळ्या होऊन बाहेर पडल्या. ती घरी आली, लांबच्या बावींची रेघ तुटक केली, जवळच्यांची जाड केली, आणि पुन्हा गेली. झेरॉक्सवाला म्हणाला, "आजी, रंगीत काढा ना." ती म्हणाली, "गावाला काळ्या-पांढऱ्यातच पटवायचंय."

एप्रिलच्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून ख्रिस्ती मंडळीही आल्यावर, हॉलमध्ये बैठक बसली. मथुराबाईने मला भिंतीला चिकटवलं. छाती फुगवून उभा होतो मी.

कल्पेश जवळ आला. चष्मा वर करून बघितलं आणि वळून म्हणाला, "मंडळी, हे बघा. बावखलाजवळची रेघ तळाला आणि लांबची वर. काकू, तुमचाच ग्राफ सांगतोय, बावखलाजवळ पाणी कमी आहे."

लांबच्या बाजूला बाग असलेला कॅल्विन मागून म्हणाला, "अरे वा. म्हणजे आमच्या बावीत पाणी चिकार. मग माझा पंप दुपारपासून हवा का ओढतो, ते पण त्या कागदाला विचारा."

सगळे हसले. मथुराबाईने मला भिंतीवरून सोडवलं आणि गुंडाळून काखेत धरलं. कल्पेशने जाहीर केलं, "पुढच्या रविवारी शेवटचं ठरवू. मातीचे ट्रक मी सांगून ठेवतो."

घरी येऊन तिने माझी एकेक ओळ तपासली. आकडे बरोबर, नावं बरोबर, कुठे काही सुटलं नव्हतं. चूक असती तर लॅपटॉप लाल अक्षरांत ओरडला असता. पण काही चुका ओरडत नाहीत, सरळ चेहऱ्याने भिंतीवर उभ्या राहतात. मी तसा उभा राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारची सालोमी अंडी घेऊन आली. अंडी देऊन केळफूल न्यायचं, असा त्यांचा जुना व्यवहार. तिने ओट्यावरचा कागद ओढला आणि अंडी त्यावर ठेवली. तो कागद मी होतो, आणि माझं डोकं खाली होतं.

"सालोमी, ती अंडी उचल."

"का गो बाय, नासकी नाय ती."

"उचल म्हणते ना. आपण एकमेकींना काय विचारतो, पाणी किती हातांवर, असंच ना?"

"मग दुसरं काय विचारायचं?"

"हातांवर म्हणजे काठापासून खाली. आकडा जेवढा मोठा, तेवढं पाणी खोल. आणि हा शहाणा मोठा आकडा वर नेऊन ठेवतो."

शहाणा म्हणजे मी. बोचलं मला. पण माझ्या जातीला शून्य तळाशी ठेवायची सवय. या गावाचं शून्य बावीच्या काठावर असतं, हे मला कोण सांगणार? मथुराबाई जन्मभर दोर खाली सोडत आली, म्हणून तिलाही ते वेगळं सांगावंसं वाटलं नाही. आपण रोज करतो ते सगळ्या जगाला ठाऊक असेल, असंच माणूस धरून चालतो.

सालोमी म्हणाली, "मग असाच उलटा लाव की भिंतीला."

"असा लावला तर महिनेही उलटे चालतात. एप्रिल आधी, दिवाळी नंतर. आणि अक्षरं शीर्षासन करतात."

तिने आधी सगळे आकडे उणे करून पाहिले. रेघा जागेवर आल्या, पण कडेला उणे नऊ, उणे चौदा असं उमटलं. सालोमीने वाचलं आणि म्हणाली, "उणे नऊ हात पाणी? बावीत उतरून आणखी खणायचं काय?" ते पुसलं गेलं. मग शोधता शोधता तिला हवी ती ओळ सापडली. नुसता उभा अक्ष उलटा करणारी, एवढीशी. ती घातल्याबरोबर शून्य उडी मारून वर गेलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की मी कशाचं चित्र आहे.

मग ती थांबेना. शून्यावर एक जाड रेघ मारून तिथे लिहिलं 'काठ'. बावखलाजवळच्या रेघेखाली फिकट करडा रंग भरला. आता मी आलेख कमी आणि उभी कापलेली बाव जास्त दिसत होतो. वर काठ, खाली पाणी. आणि एप्रिलमध्ये एकीकडचं पाणी हाताशी, दुसरीकडचं पार खोल.

रविवारी मी पुन्हा त्याच भिंतीवर. कल्पेश म्हणाला, "काकू, गेल्या वेळी ही रेघ खाली होती. आकडे फिरवलेत का?"

"आकडे तेच आहेत. मी उभा अक्ष उलटा काढला होता, ते माझं चुकलं. आता ज्याला शंका असेल त्याने हा दोर घ्यावा." तिने दोर टेबलावर ठेवला. तो अजून ओला होता.

कोणी हललं नाही. कल्पेशने एप्रिलच्या ठिपक्यांतल्या सगळ्यात वरच्यावर बोट ठेवलं. "ही कोणाची बाव? एप्रिलमध्येही एवढं पाणी?"

"तुझी," मथुराबाई म्हणाली.

हॉल चिडीचूप झाला. मग बायकांच्या बाजूने कल्पेशच्या बायकोचा, जागृतीचा, आवाज आला. "अहो, मग बावखल बुजवल्यावर आपल्या मोगऱ्याला काय पार्किंगचं पाणी घालायचं?"

कल्पेश दोर उचलून बाहेर पडला. त्याची बाव हॉलच्या मागेच. अर्धं गाव त्याच्या मागे गेलं, मी भिंतीवर एकटा वाट बघत राहिलो. परत आला तेव्हा त्याच्या बाह्या भिजल्या होत्या.

"अर्ध्या गाठीचा फरक पडतोय," तो म्हणाला, "पण बरोबर आहे."

"अर्धी गाठ तू वाकून बघितलंस म्हणून. बस आता."

ट्रक आले नाहीत. लग्नाच्या गाड्या मैदानात लागतील असं ठरलं, आणि पावसाआधी बावखलातला गाळ काढायचा, असंही.

आता मी हॉलच्या दारातच असतो, लॅमिनेशन करून. दर महिन्याला मथुराबाई मला नव्याने छापणार आणि जुना काढून सालोमीला अंड्यांखाली घालायला देणार. कल्पेश आपल्या बावीचा आकडा आता फोनवर कळवतो. तो कितीही खात्रीने सांगो, ती विचारतेच, "माझ्या दोराने मोजलंस ना?"

माझ्या उजव्या हाताला तिने पुढच्या वर्षाची जागा कोरी सोडली आहे. मे संपेपर्यंत तुटक रेघ आणखी खोल जाईल, आणि मी ती जाऊ देईन. कोणाचं मन राखायला मला रेघ वाकवता येत नाही. जाड रेघ कुठे जाईल, ते मात्र अजून ठरायचं आहे, आणि ते माझ्या हातात नाही. येत्या रविवारपासून गाळ काढायला सुरुवात आहे. तेव्हा दारात उभं राहून माझ्याकडे कौतुकाने बघत बसू नका. बावखल हॉलच्या शेजारीच आहे. घमेलं घेऊन खाली उतरा.