आपोआप लागणारे दिवे

घर बांधायचं म्हणजे डिझायनर पाहिजेच, हे खूळ आळेफाट्यावर आलं कुठून कुणास ठाऊक. पण आलं, आणि जिनेशच्या डोक्यात जाऊन बसलं. त्याचं फाट्यावर टाइल्सचं मोठं दुकान. लोकांच्या बाथरूमांना चकचकीत फरशा विकून विकून आपलं घर साधं ठेवायची त्याला लाज वाटायला लागली होती. वडील सुवालाल हयात होते तोवर सगळं बिऱ्हाड आळ्यात किराणा दुकानाच्या मागच्या खोल्यांत राहिलं. ते गेले आणि जिनेशनं बंगल्याचा नारळ फोडला.

पुण्याहून तेजस्विनी आली. पोरगी मूळची इकडचीच, पारगावच्या तुळशीदास मास्तरांची. हुशार आणि बोलायला गोड. लॅपटॉपवर तिनं न बांधलेलं घर असं काही फिरवून दाखवलं की जिनेश आणि त्याची बायको हर्षा खुर्चीतून पुढं सरकले. मधोमध ओटा असलेलं उघडं स्वयंपाकघर, छतात लपवलेले दिवे, मोबाइलवर चालणारे पडदे. हे पण हवं, ते पण हवं! हावरटासारखं दोघांचं चाललं होतं.

जिनेशची आई चंदाबाई मागं बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. तेजस्विनीनंच विचारलं, "काकू, तुम्हाला काय हवंय?"

"मला काय बी नको, बाई. फकस्त दाराशी आपोआप लागणारा दिवा ठेवू नको. बटण दाबलं तरच लागावा. आमच्याकडं महासतीजी येतात गोचरीला."

तेजस्विनीला उलगडेना. मग चंदाबाईंनी नीट समजावलं. जैन साध्वी भिक्षेला येतात तेव्हा त्यांच्यापायी दिवा लागता कामा नये आणि विझताही कामा नये. आगीत, विजेत जीव असतो असं त्या मानतात. त्यांच्या येण्यानं दिवा लागला, की ते घर 'असूझतं' झालं. त्या दिवशी त्या घरचा घास त्यांना चालत नाही, दारातूनच माघारी फिरतात. आणि त्या सांगून येत नाहीत. आल्या की आल्या.

"कळलं काकू. साधं बटण ठेवते," तेजस्विनी म्हणाली.

चंदाबाईंनी तिला अर्धंच सांगितलं. उरलेलं सांगायला जीभ रेटली नाही. त्यांची धाकटी लेक रिंकू, जिनेशची बहीण, दहा वर्षांपूर्वी दीक्षा घेऊन निघून गेली होती. आता ती महासती ऋजुताजी. राजस्थान, गुजरात, कुठं कुठं अनवाणी चालत असायची. इकडची वाट तिच्या पायाला अजून लागली नव्हती. आता तिला पोटाशी धरायचं नाही, दुखलंखुपलं विचारायचं नाही, नावानं हाक मारायची नाही. आईनं लेकीसाठी करावं असं जगात एकच उरलं होतं. ती दारात आली तर तिच्या पातऱ्यात चार घास घालायचे. एवढ्याच आशेवर चंदाबाई जगत होत्या, त्यात खोटं काय?

घर झालं. लोक बघायला यायचे आणि तोंडात बोट घालून जायचे. राहायला आल्याच्या दिवशी चंदाबाईंनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि पायरीखाली दिवा लागला. दुसरीवर ठेवलं, दुसरा लागला. आत शिरल्या तर भिंतीवर, छतावर सगळीकडं लखलखाट.

त्यांनी तेजस्विनीला गाठलं. ती खाली बघत म्हणाली, "काकू, मी साधंच काढलं होतं. सरांनी नंतर बदलायला लावलं. शेवटी क्लायंट ते आहेत ना."

वा गं वा! म्हणजे विचारायचं म्हातारीला आणि ऐकायचं पैसेवाल्याचं.

जिनेश तर उलट चिडला. "मम्मी, लोक ह्या एंट्रीचे फोटो काढून नेतात. महाराज येणार वर्षाकाठी एकदा, त्यासाठी रोज अंधारात चाचपडायचं का? ॲपमधून बंद करता येतं. यायच्या असल्या की करू बंद."

"आरं, त्या काय तुला फोन करून येणारेत?"

"समाजाच्या संघातून निरोप येतोच की. तू नको काळजी करू."

निरोप आला, तोही असा की चंदाबाईंना रात्रभर डोळा लागला नाही. नारायणगावाकडून साध्वींचा विहार संगमनेरकडं निघाला होता. आळ्याच्या जैन स्थानकात एक दिवस मुक्काम, दुसऱ्या दिवशी उजाडताच पुढं. आणि त्यांच्यात ऋजुताजी होत्या.

सकाळी चंदाबाईंनी बेसनाच्या गट्ट्यांची भाजी केली. साध्वींसाठी म्हणून मुद्दाम काही रांधलं तर ते त्या घेत नाहीत, म्हणून त्यांनी मनाला बजावलं, ही जिनेशसाठी हं. जिनेश गट्ट्यांना जन्मात कधी शिवला नव्हता. गट्टे रिंकूला आवडायचे. इतकी लबाडी देवही माफ करील. फुलके झाले, गॅस बंद केला. कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या पाण्यातही त्या जीव मानतात, म्हणून त्याचं भांडं लांब सारलं. विजेवरचा म्हणून हर्षाला मोबाइलही आतल्या खोलीत ठेवायला लावला. जिनेश निघाला तेव्हा तीनतीनदा आठवण केली.

"होय गं बाई, दुकानात पोचलो की लगेच बंद करतो."

"आत्ता कर की, माझ्यासमोर."

"फोन गाडीत चार्जिंगला लावलाय. करतो म्हटलं ना!"

दिव्यांचं ॲप एकट्या जिनेशच्याच फोनात होतं. चंदाबाईंना मेन स्विचच बंद करावासा वाटला, पण तोही ह्या घरात लाकडी भिंतीआड लपवलेला. कुठं दाबलं की उघडतो, हे एकट्या जिनेशला ठाऊक. त्या दार उघडं टाकून उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या.

आणि त्या आल्या. पुढं थोरल्या महासतीजी, मागं ऋजुताजी. पांढरी वस्त्रं, तोंडाला मुहपत्ती, हातात झोळीतली लाकडी पातरं. लेक वाळून काटकी झाली होती. टाचांना भेगा पडल्या होत्या. चंदाबाईंनी हात जोडले. "मत्थएण वंदामि. पधारा."

थोरल्यांनी पायरीवर पाऊल ठेवलं. खाली दिवा लागला. त्या थबकल्या तोवर आतल्या छतातले, भिंतीवरचे सगळे दिवे भराभर उजळले.

तेवढ्यात भिंतीतून जिनेशचा आवाज आला! दारावरच्या कॅमेऱ्यानं दुकानात त्याला वर्दी दिली होती. "पधारो महाराजसाहेब, पधारो! एक मिनिट हं, दिवे बंद करतो!" आणि फटकन सगळे दिवे विझले. लावायचा दोष झालाच होता, त्यावर विझवायचाही करून मोकळा झाला गाढव.

थोरल्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, असूझतं झालं. मन कष्टी करू नका. दया पाळो."

त्या वळल्या. ऋजुताजींची नजर क्षणभर आत ओट्यावरच्या पातेल्याकडं गेली. चंदाबाईंना तसं वाटलं. खरं खोटं तीच जाणे. मग तीही वळली. उन्हातून दोघी चालत निघाल्या आणि चंदाबाई दोन्ही हातांनी तोंड दाबून उभ्या राहिल्या. तोंड उघडलं असतं तर 'रिंकू' अशी हाक निघाली असती, आणि ती मारायचा हक्क त्यांना नव्हता.

"मम्मी, गेल्या का? अगं, बंद केले की मी!" भिंत बोलत होती.

दुपारी जिनेश आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "राहिलं गं. गिऱ्हाईक आलं आणि डोक्यातून गेलं. आपण डबा घेऊन स्थानकात जाऊ ना."

"आणून दिलेलं त्या घेत न्हाईत. एवढं बी ठाऊक न्हाई तुला? कुणाच्या पोटचा रं तू?"

काहीतरी करायचं म्हणून त्यानं तेजस्विनीला फोन लावला आणि आईच्या हातात दिला. तिकडून आवाज आला, "सॉरी काकू, खरंच सॉरी. दोन मिनिटांचं काम आहे, मी इथूनच सेटिंग बदलून देते."

"बदल, सावकाश बदल," चंदाबाई म्हणाल्या. "आता ती या वाटेला यायची तवा मी असते का नसते." त्यांनी फोन ओट्यावर ठेवला, आणि जिनेश बाहेर निघून गेला.

उन्हं कलल्यावर त्यांची धाकटी जाऊ रत्ना धापा टाकत आली. जुन्या दुकानामागच्या खोल्यांत अजून तिचंच बिऱ्हाड होतं. "भाबी, आमच्याकडं आल्या हो! तुमच्याकडनं निघून सरळ आमच्याकडं! दार आपलं उघडंच व्हतं." आनंदानं तिचा चेहरा फुलला होता, आणि जावेकडं बघून तिला तो आनंद लपवावा कुठं ते कळत नव्हतं.

"बरं झालं बाई. उपाशी तर न्हाई गेली." चंदाबाईंनी पदरानं ओठ पुसले. "काय घातलंस?"

"दोन फुलके अन् दुधीची भाजी. त्या तुमच्याकडंच येणार म्हणून मी कायबी जास्तीचं केलं नव्हतं."

"मीठ-बीठ बेतानं व्हतं ना गं?"

रत्ना हळूच म्हणाली, "भाबी, तुमच्यापासून काय लपवू? आमी जेवायला बसलो तवा कळलं. सकाळच्या घाईत मीठ घालायचंच राहिलं व्हतं."

चंदाबाई मटकन खाली बसल्या. सकाळपासून दातांखाली दाबून धरलेलं रडं फुटलं आणि आवरता आवरेना. "अळणी खाल्लं गं माझ्या लेकीनं," त्या म्हणत राहिल्या, "आई जित्ती असताना अळणी खाल्लं."