मेदेरसाठी केशरी पट्टा

असानकुलचा मुलगा मेदेर मॉस्कोत बांधकामावरून पडून मेला, हे सकाळी नऊपर्यंत आमच्या सगळ्या कोचकोर गावाला कळलं होतं. एकट्या असानकुलला सोडून. आमच्यात अशी बातमी कुणी एकट्याने सांगत नाही. नातेवाईक जमतात, अंगणात लोकरीचा तंबू उभा राहतो, मग वडीलधारे मिळून सांगतात. तोवर त्या माणसाला बाहेर गुंतवून ठेवायचं. ते काम माझ्याकडे आलं. असानकुल माझा विद्यार्थी, मेदेरही. पुठ्ठ्याचे काटे करून मेदेरला घड्याळ वाचायला मीच शिकवलं होतं.

"अगाय, बाजारात चला," असानकुलच म्हणाला. सगळं गाव मला अगायच म्हणतं, म्हणजे गुरुजी. "पोरगा पुढच्या महिन्यात येतोय. त्याला घड्याळ घेऊ."

दुसरीकडे कुठेतरी नेता आलं असतं. मला सुचलं नाही.

गुलसूनच्या टपरीवर त्याने पाच-सहा घड्याळं हाताळली. "चामड्याचं नको, सिमेंटने कुजतं. रबरी पट्ट्याचं दे. ते केशरी."

"केशरी? लग्नाच्या वयाच्या माणसाला?" मी वेळ काढत होतो.

"क्रेनवाल्याला धुळीतून हात दिसायला हवा, अगाय." त्याने पट्टा स्वतःच्या मनगटावर लावून पाहिला. "त्याचं मनगट बारीक आहे. आतलं भोक लागेल. कितीला, गुलसून?"

"दोन हजार सोम." ती खाली बघूनच बोलली.

"एवढ्यात घोडासुद्धा घड्याळ घालून फिरेल. बाराशे."

"न्या, बायके." बायके म्हणजे थोरला भाऊ.

असानकुल थबकला. मोज्यांच्या एका जोडीसाठी हिने एकदा त्याच्याशी अर्धा तास घासाघीस केली होती.

"आठशे," तो हळू म्हणाला.

"न्या." ती डबीचं झाकण लावत होती आणि ते लागत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका शेजाऱ्याला दिवसभर मासे धरायला घेऊन गेला होता, तो असानकुलच. त्या दिवशी घरी त्या शेजाऱ्याची बायको वारली होती.

"अगाय," तो म्हणाला, "माझ्या अंगणात तंबू लागलाय का?"

मी गुलसूनकडून डबी घेऊन झाकण दाबत राहिलो.

"पोराची आई?"

मी एकटा होतो, आणि एकट्याने सांगायचं नसतं. मान खाली घालायचंही मला जमलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत घरातलं एकेक नाव घेत गेला. मेदेरचं त्याने शेवटी ठेवलं.