वाटेच्या तोंडचा बांध

काउंटीची सरकारी बर्फगाडी घरावरून गेली आणि आयली कांगासने खिडकीतूनच तिला एक सणसणीत शिवी हासडली. आभाळातून पडणाऱ्या बर्फाबद्दल तिची तक्रार नव्हती. तीन दिवस सलग पडला तरी तो हलका, भुसभुशीत. पण ही गाडी रस्त्यावरची सगळी घाण, गोठलेली ढेकळं आणि मीठ मिसळलेला चिखल लोटत आणते आणि प्रत्येकाच्या घराच्या वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालून निघून जाते.

"घाल, अजून घाल," ती काचेला नाक लावून म्हणाली. "तुझ्या सासूच्या दारात घाल एकदा."

एरवी या बांधाची काळजी करायचं तिला कारण नसे. रस्त्यापलीकडच्या घरातला रूडी सालो गाडी जायची वाटच बघत बसलेला असायचा. गाडी गेली की तो आपलं बर्फ उडवायचं पेट्रोलवरचं धूड धडधडवत यायचा, आधी आपला बांध फोडायचा, मग तिचा. ना कोणी 'ये' म्हणायचं, ना कोणी 'आभारी आहे'. आभार मानले असते तर रूडी आठवडाभर तोंड लपवून फिरला असता. शनिवारी कांगासांच्या अंगणातला सौना, म्हणजे घाम काढायची लाकडी खोली, तापायचा, रूडी टॉवेल खांद्यावर टाकून यायचा, घाम गाळायचा, मग स्वयंपाकघरात बसून कॉफीबरोबर वेलदोड्याच्या निसू पावाच्या चार फोडी फस्त करायचा. एवढ्यात सगळं आलं. आयलीचा नवरा एल्मर होता तेव्हाही असंच चालायचं आणि तो गेल्यावरही त्यात खंड पडला नव्हता.

खंड पाडला तो मार्सीने. मार्सी म्हणजे आयलीची एकुलती एक लेक, राहायला दूर ग्रीन बे शहरात, स्वभावाने काळजीची पोतडी. गेल्या हिवाळ्यात आयली एल्मरच्या जुन्या मशीनसकट घसरली आणि मनगट मोडून बसली. झालं. मार्सीने ते मशीन कोणाला तरी देऊन टाकलं आणि बॅटरीवर चालणारं एक हिरवं, चिमुकलं यंत्र आणलं. गॅरेजच्या दारावर एक कॅमेराही ठोकला.

"हा हिवाळा तुझी वाट तुझी तू साफ केलीस, तर मी घर विकायचं नाव काढणार नाही," मार्सी म्हणाली होती. "नाही जमलं तर मी खोकी घेऊन येईन, आणि तू माझ्याकडे चलायचं. वाद नाही."

"आणि रूडी?"

"रूडीकाका तुझ्याहून मोठा आहे, आई. उद्या तो पडला तर? कोणाचीही मदत नाही. एकटीला जमतंय का, तेच तर बघायचंय मला."

म्हणून डिसेंबरातल्या पहिल्या मोठ्या बर्फानंतर रूडी मशीन घेऊन आला, तेव्हा आयली बाहेर गेली आणि त्याला स्पष्ट सांगून मोकळी झाली: माझ्या वाटेला हात लावायचा नाही, बांधाच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही. कारण तिने सांगितलं नाही. या वयात पोटच्या पोरीने आपल्यावर पहारा बसवलाय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? रूडीने नुसती मान हलवली आणि मशीन वळवलं. तो बर्फ आणि नंतरचा किरकोळ बर्फ आयलीने फावड्यानेच थोडा थोडा उपसला; हिरव्या यंत्राला तिने हातही लावला नाही. त्यानंतरच्या शनिवारी तो सौनाला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आयली एकटीच शेगडी पेटवायची, एकटीच बाकावर बसायची आणि उरलेला निसू पक्ष्यांना टाकायची. घर वाचवण्यासाठी आपण घरातच कोंडून घेतलंय हे तिला कळत होतं. पण कळून काय उपयोग?

आज पुन्हा शनिवार होता. सकाळीच मार्सीचा फोन येऊन गेला होता. "आई, कॅमेऱ्यात मला नुसता पांढरा पडदा दिसतोय. तुझ्या गोळ्या संपत आल्यात, मला माहीत आहे. दुपारपर्यंत गाडी बाहेर काढता येईल इतकी वाट दिसली नाही, तर मी निघालेच समज."

आयली बूट चढवून गॅरेजात गेली. यंत्रात बॅटरी बसवली, दांडा दाबला. ते कुरकुरलंसुद्धा नाही. दुसरी बॅटरी लावली, तीही मेलेली. चार्जरवर लाल दिवा लुकलुकत होता.  मग तिच्या लक्षात आलं, की चूक यंत्राची नव्हती, तिचीच होती. एल्मरने आयुष्यभर एकच नियम घोकला होता: बर्फ उडवायचं मशीन गारठ्यातच ठेवायचं. उबेतलं मशीन बर्फात नेलं की बर्फ वितळून आत चिकटतो आणि बर्फ बाहेर फेकायचं नळकांडं तुंबतं. या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या नियमाला जागून तिने बॅटऱ्यादेखील गारठ्यातच ठेवल्या होत्या, आणि थंडगार बॅटरी काही केल्या चार्ज होत नाही. सोबतच्या पुस्तकात लिहिलं असेलही. पण ती अक्षरं मुंगीने चालून काढल्यासारखी.

सौनाची शेगडी तिने सकाळीच पेटवली होती. आतल्या खोलीत तर अंडी उकडली असती, म्हणून कपडे बदलायच्या बाहेरच्या खोलीत ती बाकावर बसली, दोन्ही बॅटऱ्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन. खुडूक कोंबडीच झाली होती तिची. बॅटऱ्या कोमट झाल्यावर तिने चार्जर तिथेच लावला. दिवा हिरवा होईपर्यंत तिचं सगळं लक्ष खिडकीकडे होतं. पलीकडे रूडी आपल्या छपरावरचा बर्फ खाली ओढत होता. त्याने एकदाही इकडे पाहिलं नाही.

यंत्र चालू झालं तेव्हा मात्र तिला कबूल करावं लागलं की पोरीने आणलेलं खेळणं अगदीच टाकाऊ नव्हतं. ना पेट्रोलचा वास, ना दोरी ओढून खांदा निखळायची भीती. भुसभुशीत बर्फ ते पिठासारखा उडवत होतं. गॅरेजपासून पत्रपेटीपर्यंत तिने सरळ वाट काढली. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या भिंती उभ्या राहिल्या आणि त्या भिंतींमधून ती बांधापाशी पोचली.

तिथे मात्र खेळणं शेवटी खेळणंच ठरलं. बांधावर नाक आपटलं की ते वर चढायचं, चाकं हवेत फिरायची आणि रडल्यासारखा आवाज यायचा. पहिली बॅटरी संपली. दुसरी लावली, पण गोठलेल्या ढेकळांवर ओरखडाही उमटला नाही. आयलीने फावडं घेतलं. बांध वरून फोडावा म्हणून ती कडेने वर चढली, आणि वरचा कडक पापुद्रा फुटून ती एका झटक्यात कमरेपर्यंत आत गेली.

तिने पाय ओढून बघितला. बूट दोन ढेकळांच्या बेचक्यात घट्ट बसला होता. फावडं घसरून खाली गेलं होतं. फोन स्वयंपाकघरात. आणि ती जिथे रुतली होती ती जागा भिंतीच्या आड, म्हणजे तो कॅमेराही ऐन वेळी आंधळा. ओरडावं तर पलीकडे एकच माणूस, आणि त्याला तिने स्वतःच्या तोंडाने हाकललेलं. न ओरडावं तर पायातून थंडी वर चढतेय. आयलीला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. आपल्याच दारात, आपल्याच हट्टाने आपण जिवंत पुरले गेलोय असं तिला वाटलं.

पलीकडचं खरवडणं थांबलं. थोड्या वेळाने बांधाच्या रस्त्याकडच्या बाजूला एक लोकरीची टोपी दिसली.

"आयली?"

"काय आहे?"

"काय करतेस?"

"उभी आहे."

"अर्धीच दिसतेस."

"अर्धीच बरी आहे. जा तू."

रूडी गेला नाही. फावड्यावर हात टेकून तो रस्त्यावरच उभा राहिला. "जातो. पण तू म्हणालीस बांधाच्या अलीकडे यायचं नाही. बांधावर यायला चालतं का, तेवढं सांग."

"रूडी, थट्टा पुरे! पाय बधिर झालाय माझा."

"मग म्हण की."

"काय म्हणू?"

"ये म्हण. इतके शनिवार घरात बसून माझी पाठ आखडलीय. काय केलं होतं मी तुझं?"

त्याच्या आवाजात थट्टा उरली नव्हती. आयलीने लोकरीचा हातमोजा पालथा करून नाक पुसलं.

"तू काहीच केलं नाहीस. मार्सीने गॅरेजवर कॅमेरा लावलाय. कोणाची मदत घेताना दिसले तर मला घेऊन जाणार आहे ती. घर विकणार आहे."

रूडीने फावडं बाजूला टाकलं. "आणि हे मला सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटत होती."

"मूर्ख बाई," तो म्हणाला.

"ये," ती म्हणाली. "ये बाबा, काढ मला."

तो बांधावर पोटावर आडवा झाला आणि हातांनी ढेकळं उपसू लागला. आयली बाहेर आली, बूट मात्र आतच राहिला. ती एका पायावर उभी राहून त्याच्या खांद्याला धरून होती आणि तो खोल हात घालून बूट ओढत होता, तेव्हा दोघांनाही हसू आवरेना. मग रूडीनेच युक्ती काढली. तो रस्त्याच्या बाजूने ओणवा राहून, कॅमेऱ्याला टोपीही दिसणार नाही असा, फावड्याने बांध फोडत गेला. ढेकळं मोकळी झाली की आयली अलीकडून यंत्र घालायची आणि बर्फ उडवायची. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी एकटीच डोंगर फोडतेय.

शेवटचं ढेकूळ उडालं आणि गॅरेजच्या दारावरून मार्सीचा आवाज घुमला. त्या डब्याला तोंडही आहे हे आयली विसरूनच गेली होती.

"आई! कमाल केलीस! बघितलंस? तुला कोणाचीही गरज नाही!"

आयलीने बांधाच्या उरलेल्या तुकड्यामागे पाहिलं. रूडी गुडघे पोटाशी घेऊन, मिशांवर बर्फ घेऊन, चोरासारखा दडून बसला होता. त्याने बोट ओठांवर ठेवलं. आयलीच्या डोक्यात तिडीक गेली.

"रूडी, ऊठ."

"वेडी आहेस का?" तो कुजबुजला.

"ऊठ म्हणते ना! गुडघे जातील तुझे." मग ती गॅरेजकडे वळली. "हे बघ मार्सी. हा नसता तर मी अजून त्या खड्ड्यात असते, आणि तुझ्या या डब्याला ते दिसलंही नसतं. इतके दिवस तुझ्या अटीपायी मी याला दारात उभं केलं नाही. एकटीला जमतंय का बघायचं होतं ना तुला? नाही जमत. जमणारही नाही. आता काय करायचं ते कर."

रूडी उभा राहिला. काय करावं न कळून त्याने कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. "काय मार्सी, बरी आहेस ना?"

 गॅरेजवरून मार्सीचा आवाज आला, "सोमवारी येते, आई."

त्या संध्याकाळी रूडी टॉवेल घेऊन आला. कॉफी पिताना त्याने एवढंच विचारलं, "खोकी घेऊन?"

"खोकी घेऊन," आयली म्हणाली. तिने त्याच्यापुढे अख्खा निसू सरकवला. दोघांनाही तो गोड लागला नाही.

सोमवारी मार्सी आली. गाडीच्या मागच्या सीटवर घड्या घातलेली खोकी होती. ती तिने गॅरेजात भिंतीला टेकवून ठेवली. आयलीने वाद घातला नाही. जेवायला वाढलं, अंथरूण घातलं आणि आपल्या खोलीत जाऊन छताकडे बघत पडली. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला होता.

सकाळी बर्फगाडी गेली आणि मार्सीची गाडी बांधाच्या आत अडकली.

"किती वेळ लागतोय त्याला," म्हणत मार्सी हिरवं यंत्र घेऊन बाहेर पडली. आयली कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभी राहिली. फोन वाजला. रूडी होता.

"जाऊ का?"

"थांब. थोडं खणू दे तिला."

"थंडी आहे, आयली."

"तरुण आहे ती. थांब जरा."

यंत्राचं रडणं ऐकू आलं, मग तेही बंद पडलं. मार्सी फावडं घेऊन बांधावर चढली आणि आईसारखीच कमरेपर्यंत आत गेली.  आयलीचा हात दाराच्या मुठीकडे गेला, पण तिने तो मागे घेतला.

मार्सीने पाय ओढून बघितला. मग घराकडे पाहिलं. मग भिंतीवरून मान उंचावून गॅरेजच्या दारावरच्या आपल्याच कॅमेऱ्याला शोधू लागली. तो तिथून दिसत नव्हता. थोडा वेळ ती नुसतीच उभी राहिली, खांदे पाडून. मग रस्त्यापलीकडे तोंड करून, लहानपणी सायकलची साखळी निसटली की जशी हाक मारायची तशाच आवाजात ती ओरडली:

"रूडीकाका! ए रूडीकाका, ये ना!"

रूडीचं मशीन आधीपासूनच चालू होतं.

दुपारी मार्सी निघाली. तिने रूडीचे दोनदा आभार मानले आणि रूडी दोन्ही वेळा आभाळाकडे बघत राहिला. घराचा विषय कोणी काढला नाही. गाडीत बसताना तिने आईला जरा जास्तच वेळ मिठी मारली.

खोकी गॅरेजातच राहिली. विसरली की ठेवून गेली, हे आयलीने फोनवर विचारलं नाही. शनिवारी सौनाची शेगडी पेटवायला ती चांगली उपयोगी पडली.